चिनी की-बोर्ड निवडला आणि इंग्रजीच उमटलं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पुरवणीतल्या प्रश्नोत्तरांत एका वाचकाने विचारलं होतं, की लिनक्सच्या (म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली घातलेल्या) संगणकावर चिनी भाषा कशी लिहायची. आपलं उत्तर दीड ओळीचं होतं: सेटिंगमध्ये की-बोर्ड लेआउट उघडा, चायनीज निवडा, झालं. हे उत्तर चुकीचं आहे. आपण सांगितलंत तेच मी दिवाळीनंतर स्वतः करून बसले होते आणि माझी एक अख्खी दुपार त्यात गेली, म्हणून हे पत्र. दुसऱ्या कुणाची जाऊ नये.

मी इंदूरची. रामबागेत पंचवीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला. अकरा मशिनं होती, त्यांतली चार मराठी-हिंदीची. जे काही शिकवलं ते न बघता लिहायला शिकवलं. मशिनकडे बघणाऱ्या मुलाच्या हातांवर मी रुमाल टाकत असे. तेव्हा कळफलक म्हटलं की मला गप्प बसवत नाही, एवढं समजून घ्यावं.

झालं असं, की माझी भाचेसून सियागंजमध्ये एका व्यापाऱ्याकडे हिशेब बघते. त्यांचा नळाच्या फिटिंगचा माल चीनमधून येतो. (एके काळी माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जायची आणि आमचे शेठ लोक त्यावर सट्टे लावायचे. आता तिकडून तोट्या येतात.) बिलावरची चिनी नावं मोबाइलवर फोटो काढून वाचता वाचता तिला ती भाषाच शिकावीशी वाटली. रात्री मुलगा झोपला की ती ऑनलाइन वर्गाला बसते. लॅपटॉप जुना. तिच्या भावाने त्यात डेबियन हा लिनक्सचा एक प्रकार घालून दिलेला, पडद्यावर खिडक्या-मेनू दाखवायला एक्सएफसीई नावाची हलकी मांडणी, कारण विंडोज उघडेपर्यंत कुकरच्या तीन शिट्ट्या होत असत. गृहपाठ टाइप करून पाठवायची वेळ आली तेव्हा ती तो लॅपटॉप जेल रोडवरच्या एका दुकानात घेऊन गेली. दुकानदार म्हणाला, "इसमें चाइनीज़ नहीं चलेगा मैडम, नया ले लो." ती सरळ माझ्याकडे आली. "मावशी, तुम्ही एकदा बघता का? नवा घ्यायचा तर पस्तीस-चाळीस हजार कुठून आणू?"

मी बघितलं. सेटिंग उघडलं, की-बोर्ड, त्यात लेआउट, यादीत चायनीज होतंच. निवडलं. एडिटर उघडून दहाही बोटं चालवली. एएसडीएफ. पडद्यावर काय? एएसडीएफ. पुन्हा काढलं, पुन्हा घातलं, लॅपटॉप मिटून उघडला. तेच. दुकानदारही इथवरच पोचला असणार आणि "नहीं चलेगा" म्हणाला असणार.

गंमत अशी आहे, की त्या यादीतली चायनीज मांडणी ही अमेरिकन इंग्रजी मांडणीच आहे. मुद्दाम तशी आहे, बिघाड नाही. चीनमध्ये लोकांच्या टेबलावर जो कळफलक असतो तोही तुमच्या-आमच्यासारखाच, क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी-वाय. त्याच यादीत मराठी निवडलंत तर मात्र लगेच मराठी उमटतं, कारण आपल्याकडे एका कळीला एक वर्ण पुरतो. मात्रा, जोडाक्षरं धरूनही शिफ्टसकट भागतं. इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांची सरकारी मांडणी १९८६ साली ठरली तीच या हिशेबाने, स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला. चिनीत असं कसं होणार? १९८० सालच्या त्यांच्या सरकारी संकेतसंचातच ६,७६३ चित्राक्षरं होती. यंत्राच्या जमान्यात चिनी टंकलेखिकेच्या पुढ्यात सुमारे अडीच हजार खिळ्यांचा ट्रे असायचा आणि ती एकेक खिळा शोधून उचलून ठोकत असे. आमच्या रेमिंग्टनबद्दल कुरकुर करणाऱ्या मुलींना मी हे सांगायला हवं होतं.

म्हणून चिनीत कळ आणि अक्षर यांच्यामध्ये एक अडत्या लागतो. त्याला इनपुट मेथड म्हणतात. तुम्ही ध्वनी रोमन अक्षरांत टाइप करायचा, तो त्या ध्वनीची अक्षरं एका पट्टीत आकडे घालून समोर धरतो, तुम्ही आकडा दाबून हवं ते उचलायचं. स्पेस दाबलं तर पहिलं. हा अडत्या लेआउटच्या यादीत बसलेला नसतो, त्याला बाहेरून आणावा लागतो. आपल्या उत्तरात नेमकं हेच निसटलं.

आणावा कसा? डेबियनवर मी टर्मिनलमध्ये (हुकूम टाइप करायच्या खिडकीत) सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिहून पुढे तीन नावं दिली: एफसीआयटीएक्स-५, त्याचंच चायनीज-ॲडऑन्स, आणि फॉन्ट्स-नोटो-सीजेके. (संगणकात ती रोमन अक्षरांतच, छोट्या लिपीत लिहायची, जोडरेघा कुठे येतात ते सॉफ्टवेअरच्या यादीत शोधून घ्यावं.) पहिलं नाव कसं उच्चारायचं यावर आमच्या घरात वाद झाला. मुळात ते "एक्ससाठी मोफत चिनी इनपुट खेळणं" अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं आहेत; एक्स म्हणजे लिनक्सवर पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणारी व्यवस्था. तिसरं नाव फॉन्टचं आहे आणि ते विसरू नका. तो फॉन्ट नसेल तर अडत्या काम करतो, पण पडद्यावर रिकामे चौकोन उमटतात. त्या चौकोनांना संगणकवाले टोफू म्हणतात आणि "टोफू नको" यावरूनच त्या फॉन्टचं नाव नोटो पडलं. चीन, जपान, कोरिया तिघांची अक्षरं त्यात २०१४ पासून आहेत.

म्हणजे दिसणं वेगळं, लिहिणं वेगळं, आणि कळांची मांडणी तिसरीच. माझ्या क्लासमध्ये मुलं म्हणायची, "बाई, माझ्या संगणकात मराठी नाही." तेव्हा मी विचारत असे, दिसत नाही की लिहिता येत नाही? बहुतेकांना सांगता येत नसे.

पुढे आयएम-कॉन्फिग नावाचा छोटा प्रोग्राम उघडून त्यात एफसीआयटीएक्स-५ निवडलं. तो प्रोग्राम काय करतो, तर जीटीके, क्यूटी आणि एक्स अशा तीन घराण्यांच्या प्रोग्रामांना निरोप ठेवतो, की इथून पुढे कळ दाबली की आधी या अडत्याला विचारा. हा निरोप त्यांना कधी पोचतो? तुम्ही पुन्हा लॉगिन केल्यावर. मी लॅपटॉप नुसता मिटला, चहा केला, उघडला, काही नाही. पुन्हा मिटला. शेवटी भाचेसूनच म्हणाली, "मावशी, मिटणं म्हणजे झोपवणं झालं, बाहेर पडणं नाही." लॉगआउट केलं, परत आत आलो, कोपऱ्यात कळफलकाचं चिमुकलं चित्र आलेलं होतं.

तिथून कॉन्फिगरेशन उघडायचं. उजव्या यादीत "फक्त चालू भाषा दाखवा" अशा अर्थाची खूण असते, ती काढली नाहीत तर पिनयिन (चिनी ध्वनी रोमन अक्षरांत लिहायची पद्धत) दिसणारच नाही आणि तुम्ही पुन्हा जेल रोडला जाल. खूण काढली, पिनयिन शोधलं, बाणाने डावीकडे घेतलं. इंग्रजी पहिल्या क्रमांकावर राहू द्यावं, नाहीतर पासवर्ड टाकताना भलतीच धांदल होते. कंट्रोल आणि स्पेस दाबलं की इंग्रजी-चिनी अदलाबदल. भाचेसून हिशेबवाली, तिला यातही अडचण आली: हिशेबाचे तक्ते करायच्या कॅल्क या प्रोग्राममध्ये कंट्रोल-स्पेसने अख्खा स्तंभ निवडला जातो आणि आता तो निवडला जाईना. तिने ती जोडी बदलून घेतली.

ज्यांच्याकडे उबुंटू हा लिनक्सचा दुसरा प्रकार आणि पडद्यावर नोम ही मांडणी आहे त्यांना एवढा खटाटोप नाही. तिथे आयबस नावाचा दुसरा अडत्या आधीच असतो, त्यात लिबपिनयिन हे त्याचं पिनयिन घालायचं, पुन्हा लॉगिन करायचं आणि सेटिंगमध्ये इनपुट सोर्स म्हणून जोडायचं. मात्र आयबस आणि एफसीआयटीएक्स दोघांना एकाच घरात नांदवायला जाऊ नका.

आता टायपिंगबद्दल. पिनयिन ही रोमन पद्धत चीनच्या लोकप्रतिनिधी सभेने ११ फेब्रुवारी १९५८ रोजी मंजूर केली. तिच्यावर काम करणाऱ्यांत प्रमुख होते झोउ योउग्वांग. ते मूळचे अर्थतज्ज्ञ, आणि एकशे अकरा वर्षं जगून २०१७ साली गेले. पण त्यांची रोमन अक्षरं म्हणजे इंग्रजी नव्हे, इथे आमची पहिली फजिती झाली. वर्गातल्या बाई राजधानीचं नाव घेतात ते स्पष्ट "पेइचिंग" ऐकू येतं. भाचेसूनने ऐकलं तसं पी पासून टाइप केलं. पट्टीत सगळा कचरा. लिहायचं बी पासून, आणि पुढचा च लिहायचा जे ने.

दोन-तीन दिवस ती रडकुंडीला आली होती, मग मला एक लक्षात आलं. पिनयिनचा बी म्हणजे आपला प, आणि पी म्हणजे ओठ मिटून म्हटलेला फ. डी म्हणजे जवळपास त, टी म्हणजे थ. जी म्हणजे क, के म्हणजे ख. जे म्हणजे च, क्यू म्हणजे छ, एक्स म्हणजे श. इंग्रज माणसाला प-फ, क-ख यांतला फरक कानाला कळत नाही, आपल्याला बाराखडीतच मिळालेला असतो. एवढंच काय, झेड म्हणजे जवळपास "चांगला"मधला च. तोंडात चांगला आणि चहा असे दोन वेगळे च असलेल्या माणसाला चिनी शिकताना बराच फायदा आहे, आणि हिंदीवाल्यांना तो नाही, हे मी इंदुरात राहून जरा जोरात सांगते. मी तिला वहीच्या पानावर देवनागरीत तक्ता करून दिला. दुसऱ्या दिवसापासून तिच्या चुका निम्म्या झाल्या.

बारीकसारीक गोष्टी अजून आहेत. स्त्री या अर्थाचा शब्द "न्यू"सारखा, ओठ गोल करून. त्यातल्या यूवर दोन टिंबं असतात आणि ती कळ आपल्याकडे नाही. मग? पिनयिनमध्ये व्ही हे अक्षर रिकामंच पडलेलं आहे, त्याला त्या कामावर लावलं: एन-व्ही. शीआन हे शहर आणि "शिएन" म्हणजे आधी, दोन्हींची रोमन अक्षरं तीच. शहर हवं तर मध्ये अपॉस्ट्रॉफी (वर टांगलेला स्वल्पविराम) टाकून तोडावं लागतं. पूर्णविराम दाबला तर पोकळ टिंब येतं, छोट्या शून्यासारखं. ती चूक समजून खोडत बसू नये.

स्वरांचे चढउतार सोडून मोजलं तर मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, जेमतेम चारशे अक्षरध्वनी आहेत, आणि लिहायची चित्राक्षरं हजारो. त्यामुळे नुसतं "शि" टाइप केलं तर पट्टी संपत नाही: दहा, आहे, काम, वेळ, दगड, कविता, सगळे तिथे दाटीवाटीने उभे. सुटं अक्षर लिहू नये, अख्खा शब्द किंवा वाक्याचा तुकडा एकदम लिहावा, मग अडत्याला अंदाज येतो. न बघता लिहिण्याची माझी सारी विद्या मात्र इथे फुकट गेली. ही लिहिण्याची रीत बघूनच चालते. माझ्या जातीचे लोक तिकडेही आहेत म्हणा. १९८३ साली वांग योंगमिन यांनी वुबी नावाची पद्धत काढली, तिच्यात ध्वनी नाही, अक्षराचे रेषातुकडे टाइप करायचे. कोणतंही अक्षर जास्तीत जास्त चार कळांत. हात बसला की निवडत बसावं लागत नाही. तीही त्याच चायनीज-ॲडऑन्समध्ये मिळते. मी तीन अक्षरं शिकले आणि चष्मा काढून ठेवला.

आपल्या पुरवणीत अधूनमधून एक तक्रार छापून येते, की पोरं मराठी रोमनमधून लिहितात आणि लिपी बुडवतात. मीही त्याच मताची होते. फोनेटिकला, म्हणजे रोमन कळांवर उच्चाराप्रमाणे मराठी लिहिण्याला, मी क्लासमध्ये पाय ठेवू दिला नव्हता. चीनमध्ये रोज कोट्यवधी माणसं रोमनमधून लिहितात आणि पडद्यावर त्यांची चित्राक्षरंच उमटतात. "लेखणी उचलावी आणि अक्षर विसरावं" अशा अर्थाची म्हण त्यांच्याकडे आहे, म्हणजे हाताला त्याची किंमत मोजावी लागतेच. पण छापलं जातं, वाचलं जातं, साठवलं जातं ते त्यांच्या लिपीत. आपल्याकडे पोरगं "कसा आहेस" रोमनमध्ये टाइप करतं आणि ते रोमनच पुढे जातं. माझं भांडण आता त्या दुसऱ्या अर्ध्याशी आहे. लिनक्सच्या त्याच लेआउटच्या यादीत मराठी इन्स्क्रिप्ट आहे आणि मराठी कगप फोनेटिकही आहे, काही उतरवून घ्यावं लागत नाही. हे आपण एकदा चौकटीत छापलंत तर बरं.

आणखी एक, कारण ते मला चिनीमुळे कळलं. भाचेसूनने गृहपाठ पाठवला तेव्हा बाईंनी लाल शाईत लिहिलं, की काही अक्षरं जपानी वळणाची दिसतात. युनिकोडने, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाईक संकेतसंचाने, चिनी आणि जपानी अक्षरांना बऱ्याच ठिकाणी एकच संकेतांक दिला आहे. वळण कुठलं दाखवायचं ते फॉन्ट ठरवतो, आणि मजकुराची भाषा सांगितली नाही तर तो मनचं करतो. मला हसूच आलं. आमचा पाकळीचा ल आणि देठाचा श यांचं तेच तर होतं! संकेतांक एक, फॉन्ट हिंदीचा, की मग लग्नपत्रिकेवर ल आणि श हिंदी वळणाचे. इंदुरात मराठी पत्रिका छापून घेणाऱ्या प्रत्येकाने हे भोगलं आहे. लिब्रेऑफिस (कॅल्क ज्याचा भाग आहे तो मोफत संच) याच्या भाषांच्या सेटिंगमध्ये आशियाई म्हणून एक जागा आहे, तिथे चिनी सांगितलं. तिच्याच खाली देवनागरीसारख्या लिप्यांची जागा आहे, तिथे हिंदी होतं, ते बदलून मराठी करून टाकलं. एका फेरीत दोन कामं झाली.

जाता जाता: मोबाइलवरच्या चिनी कळफलकांपैकी अनेक जण तुम्ही दाबलेलं सारं इंटरनेटवरून आपल्या सर्व्हरला विचारतात. टोरांटोच्या सिटिझन लॅब या संशोधन गटाने २०२४ साली नऊ कंपन्यांचे असे कळफलक तपासले, आठांमध्ये दाबलेल्या कळा वाटेत वाचता येतील अशा त्रुटी निघाल्या. लॅपटॉपवर आम्ही घातलेला पिनयिन इंटरनेट काढून टाकलं तरी चालतो. हिशेबाच्या माणसाला हे कळलेलं बरं.

माझं माहेर सोलापूर. डॉक्टर द्वारकानाथ कोटणिसांचं नाव आमच्याकडे घरातल्या माणसासारखं घेतलं जाई. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले, त्यांतले ते एक. परत आले नाहीत, ९ डिसेंबर १९४२ रोजी बत्तिसाव्या वर्षी तिकडेच गेले. त्या पाचांनीही आपल्या चिनी नावाच्या शेवटी "हुआ" लावलं होतं, म्हणजे चीन. कोटणिसांचं नाव रोमनमध्ये के-ई-डी-आय-एच-यू-ए; माझ्या तक्त्याप्रमाणे उच्चार साधारण "ख तीह्वा". त्यांच्या मुलाचं नाव यिनहुआ ठेवलं होतं, यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. सगळं चालू लागल्यावर भाचेसूनने विचारलं, "मावशी, तुम्हाला काय लिहायचंय?" मी म्हटलं, हे.

यिनहुआ टाइप केलं. अडत्याने पहिल्या क्रमांकावर दिलं कापडावरची छपाई. मग चांदीचं फूल. त्या मुलाचं नाव पहिल्या दोन पानांत नव्हतं. पण छपाईतला यिन तोच निघाला: चिनीत भारताच्या नावातलं पहिलं अक्षर आणि ठसा, शिक्का या अर्थाचं अक्षर एकच आहे. तो तिथून घेतला, हुआ स्वतंत्र शोधून शेजारी बसवला. दुसऱ्या दिवशी तीच सहा अक्षरं पुन्हा दाबली, तर पट्टीत सगळ्यांच्या आधी, पहिल्या क्रमांकावर, यिनहुआ.

आपली,
एक निवृत्त टंकलेखन शिक्षिका,
रामबाग, इंदूर

ता. क. दुरुस्ती त्याच पानावर, त्याच जागी छापावी. माझं नाव छापू नये. गल्लीतले सगळे आपापले लॅपटॉप घेऊन येतील.